मागणाऱ्याच्या बाजूनं

मॅडमच्या घरात अंधारात दिव्याचं बटण शोधावं लागत नसे. बिबवेवाडीतला साधा फ्लॅट. कुठल्याही खोलीत शिरा, दाराच्या आत उजव्या हाताला बटणं, त्यातलं पहिलं दिव्याचं, दुसरं पंख्याचं. बाथरूममध्ये पंखा नव्हता, तर तिथं दुसरी जागा कोरी ठेवलेली होती. त्या जागी गिझरचं बटणसुद्धा बसवू दिलेलं नव्हतं. बिल्डरनं मनाला येईल तशी लावलेली बटणं त्यांनी ताबा मिळाल्यावर भिंती फोडून पुन्हा लावून घेतली. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मॅडम, चार दिवसांत सवय होते हो."

"मला होईल," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांनी काय करायचं?"

हे मला त्यांच्या यजमानांनी सांगितलं. सांगताना ते हसत होते, पण त्या हसण्यात थोडी धास्ती होती. तशी धास्ती आमच्या सगळ्या टीमच्या चेहऱ्यावर कायम असायची.

त्या आमच्या कंपनीत आर्किटेक्ट होत्या. इमारतींच्या नव्हे, सॉफ्टवेअरच्या. हिंजवडीत तेव्हा काचेच्या इमारतींच्या मागच्या बाजूला भाताची खाचरं दिसायची आणि कंपनीची बस म्हशींमुळे थांबायची, तो काळ. आम्ही हॉस्पिटलं आणि रक्तपेढ्या यांच्यासाठी सॉफ्टवेअर करत होतो. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरला रक्तपेढीच्या कॉम्प्युटरकडे काही मागायचं असेल, तर कोणत्या शब्दांत मागायचं, उत्तर कोणत्या शब्दांत येणार आणि नकार द्यायचा तर तो कसा द्यायचा, याचे नियम आधी ठरवावे लागतात. त्या नियमांना एपीआय म्हणतात. ते ठरवणं हे मॅडमचं काम. मी नवीन लागले तेव्हा मला वाटलं होतं, यात ठरवण्यासारखं आहे काय? दोन मशिनं एकमेकांशी बोलणार, त्यांना कुठं मन आहे दुखवायला.

कंपनीत आम्ही डायरेक्टरलासुद्धा नावानं हाक मारायचो. यांचं नाव मात्र कोणाच्या तोंडून निघालं नाही. त्या मूळच्या नागपूरच्या. नव्वदच्या दशकात, सॉफ्टवेअर कंपन्या भराभर माणसं घेत होत्या तेव्हा पुण्यात आल्या आणि राहिल्या. मीटिंगमध्ये अगदी प्रमाण मराठी आणि नेमकं इंग्रजी. चिडल्या की मात्र नागपूर बाहेर यायचं. "काय करून राहिली तू?" असा आवाज आला की आमची आख्खी रांग मान खाली घालून टाईप करायला लागायची.

त्यांच्यासमोर पहिल्यांदा काम घेऊन गेले तो प्रसंग मला लख्ख आठवतो. रक्तगटाप्रमाणे साठा सांगणारी एक सेवा मी तयार केली होती. आत खूप हुशारी केली होती आणि ती दाखवायला मी उतावीळ होते. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाल्या, "समज, मी रक्तपेढी. तू हॉस्पिटल. माग."

मला काही कळेना.

"माग ना. तोंडानं माग. तू लिहिलंयस त्याच शब्दांत."

मी मागायला लागले. आधी माझा क्रमांक सांगितला, मग रक्तपेढीचा अंतर्गत कोड, मग रक्तगटाचा कोड, मग एक 'प्रकार तीन' असं काहीतरी, ज्याचा अर्थ मला स्वतःलाच आठवेना. मी थांबले. त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पेशंट वाट बघतोय."

मग खुर्ची वळवून, आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "तू हे रक्तपेढीच्या बाजूनं लिहिलंयस. तुझ्या टेबलात काय कुठं ठेवलंय, ते त्या बिचाऱ्या हॉस्पिटलला काहून पाहिजे? मागणाऱ्याच्या बाजूनं लिही. आधी तो कसं मागेल ते लिही, मग ते कसं द्यायचं ते बघ."

मी जागेवर आले आणि सगळं पुसलं. संध्याकाळी पुन्हा गेले. पुन्हा पाठ, पुन्हा "माग". या वेळी दोन वाक्यांत मागून झालं. त्यांनी मान हलवली. ती एवढीशी हललेली मान मी घरी जाऊन आईला सांगितली होती.

शब्दांच्या बाबतीत तर त्या कोणाचंच ऐकत नसत. आमच्या प्रोग्रॅममध्ये रक्ताच्या पिशवीला एके ठिकाणी बॅग म्हटलं होतं, एके ठिकाणी युनिट आणि आणखी एके ठिकाणी पाऊच. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेलं. मॅडमनी सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं, "पाऊच आणि युनिट यांत फरक काय?" कोणीतरी म्हणालं, "काही नाही, एकच आहे." "मग वाचणारा फरक शोधत बसेल त्याचा वेळ कोण भरून देणार?" त्या दिवसापासून एकच शब्द. कॅन्टीनमध्येही त्या हेच करायच्या. एका फलकावर 'डायनिंग हॉल' आणि दुसऱ्यावर 'कॅफेटेरिया' होतं, नवीन माणसं दोन जागा समजून गोंधळायची. मॅडमनी ऑफिसच्या व्यवस्थापकाच्या इतक्या वेळा मागे लागून एक फलक काढायला लावला की शेवटी त्यानं तो स्वतःच स्क्रू-ड्रायव्हरनं काढला.

एकदा बसमध्ये, वाकडच्या पुलाखाली अडकलो असताना, मी धीर करून विचारलं की एवढं काय आहे शब्दांत. त्या खिडकीबाहेर बघत बोलल्या. लहानपणी त्या आईबरोबर एका सरकारी कचेरीत गेल्या होत्या. आई फारशी शिकलेली नव्हती. एका खिडकीवर तिला सांगितलं, दाखला आणा. ती दाखला मागायला दुसऱ्या खिडकीवर गेली, तिथला माणूस म्हणाला, इथे दाखले मिळत नाहीत, प्रमाणपत्रं मिळतात. आई परत फिरली. उन्हातून चालत दोघी घरी आल्या. "दोन्ही एकच होतं," मॅडम म्हणाल्या. "ते घरी आल्यावर बाबांनी सांगितलं. आपल्यालाच कळलं नाही, असं आईला वाटलं." बस हलली. त्यांनी पिशवीतून शेंगदाणे काढले आणि मला दिले. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

नकाराबद्दलचा त्यांचा नियम असाच. प्रोग्रॅमनं 'काहीतरी चुकलं' एवढंच उत्तर दिलं, की त्यांचं डोकं फिरायचं. "चुकलं हे त्याला माहितीच आहे. काय चुकलं ते सांग, आणि आता त्यानं काय करायचं ते सांग." स्वतःही तशाच नकार द्यायच्या. मी एकदा दिवाळीला जोडून रजा मागितली. त्या म्हणाल्या, "नाही. त्या आठवड्यात नागपूरच्या पेढीचं काम सुरू होतंय आणि ते तुझ्याशिवाय कोणाला येत नाही. आदल्या आठवड्यात घे, किंवा कोणालातरी शिकव आणि हव्या त्या तारखेला जा." मी शिकवलं आणि गेले. एवढ्या पुऱ्या नकारावर रागावता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. नंतर कितीतरी वरिष्ठ पाहिले, होकारसुद्धा इतका स्पष्ट देता न येणारे.

आता ज्या दिवशी मी त्यांना खरोखर घाबरले, आणि खरोखर मानायला लागले, त्या दिवसाबद्दल.

शहरातल्या काही हॉस्पिटलांना मिळून आमची सेवा सुरू करून द्यायची होती. हॉस्पिटलमधून मागणी यायची, आमची यंत्रणा एक पिशवी त्या पेशंटच्या नावानं राखून ठेवायची. त्या सकाळी हॉस्पिटलांचे डॉक्टर यायचे होते, समारंभ होता, कॉन्फरन्स रूममध्ये समोसे येऊन पडले होते. आणि मॅडम कोपऱ्यातल्या टेबलावर एकट्या बसून मागणी पाठवत होत्या आणि लगेच नेटवर्कची वायर उपटत होत्या. मग वायर पुन्हा लावून तीच मागणी परत. मी बघायला गेले तर त्यांनी नुसतं स्क्रीनकडे बोट केलं. एका पेशंटच्या नावानं दोन पिशव्या राखल्या गेल्या होत्या.

डायरेक्टर आले. त्यांचं म्हणणं, "नेट नेमकं त्याच क्षणी जाणार, हे किती वेळा होणार आहे?"

"उत्तर आलं नाही की माणूस पुन्हा बटण दाबतो," मॅडम म्हणाल्या. "घाई असली की जास्तच दाबतो. आणि रक्त लागतं तेव्हा घाईच असते."

"आज सुरू करू. पुढच्या आठवड्यात दुरुस्त करू."

"मधल्या आठवड्यात दुसऱ्या पेशंटला 'साठा संपला' असं उत्तर जाईल. पिशवी फ्रीजमध्ये असेल, आणि उत्तर 'संपला' जाईल. माझ्या हातून ते जाणार नाही."

डायरेक्टरांनी खालच्या आवाजात कराराची आठवण करून दिली आणि मॅडमच्या बढतीचीही. मॅडम उठल्या, ओढणी नीट केली आणि कॉन्फरन्स रूममध्ये गेल्या. मी दारातच उभी राहिले. त्यांनी एव्हाना येऊन बसलेल्या डॉक्टरांना सांगितलं की आज आम्ही हे देत नाही. कारण सांगितलं. मग म्हणाल्या, "लिफ्टचं बटण आपण घाबरून पाच वेळा दाबतो. पाच लिफ्ट येत नाहीत. आमचं तसं झालेलं नाही अजून. झालं की बोलावते."

डायरेक्टर टेबलाकडे बघत होते. डॉक्टरांतल्या एका वयस्क बाईंनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "किती दिवस लागतील?"

"एक आठवडा."

"घ्या," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे हे हातानं करतानाही होतं. तुमच्याकडे होणार नसेल तर आम्ही थांबू."

तो आठवडा आम्ही मॅडमच्या भोवती बसून काढला. उपाय ऐकायला साधा होता: प्रत्येक मागणीबरोबर मागणाऱ्यानंच आपली एक खूण पाठवायची, तीच खूण परत आली तर नवी पिशवी राखायची नाही, आधीचंच उत्तर पुन्हा द्यायचं. दोनदा मागितलं तरी एकच. सेवा सुरू झाली, करार टिकला. मॅडमची बढती त्या वर्षी झाली नाही. आम्हीच कॅन्टीनमध्ये त्यांच्या वतीनं चिडत होतो.

पुढं काही वर्षांनी मॅडमनीच त्या सेवेची नवी आवृत्ती केली. पहिल्या आवृत्तीत त्यांना न आवडणाऱ्या गोष्टी होत्या. 'शिल्लक' या नावाखाली जो आकडा जायचा त्यात राखून ठेवलेल्या पिशव्याही धरलेल्या होत्या, आणि ते नाव त्यांनी स्वतःच दिलेलं होतं. "हे माझंच पाप," असं त्या उघड सांगायच्या. नवी आवृत्ती सुरेख होती. हॉस्पिटलं एकेक करून तिकडे गेली. जुनी बंद करायची वेळ आली, आणि तेव्हा दिसलं की कोणीतरी अजून जुन्याच आवृत्तीला विचारतंय. सकाळ झाली की विचारणा सुरू, संध्याकाळी बंद. पाठवलेल्या मेलना उत्तर नाही.

"एकासाठी किती दिवस चालू ठेवायचं?" डायरेक्टर म्हणाले. "बंद करून टाका. ओरडला की कळेल कोण आहे."

"ओरडता येत असेल तर," मॅडम म्हणाल्या.

जुन्या यादीत त्या विचारणाऱ्याची नोंदणी धायरीच्या एका छोट्या ट्रस्ट हॉस्पिटलच्या नावावर होती. फोन केला तर रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे असलं काही नाही. शनिवारी मॅडमनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि आम्ही सिंहगड रोडच्या गर्दीतून धायरीला निघालो. रस्ताभर त्या एवढंच बोलल्या: "आपण वापरा म्हणालो होतो. त्यानं वापरलं. आता आपल्याला नवीन सुचलं, ही काय त्याची चूक आहे?"

हॉस्पिटल दुमजली होतं. खालच्या मजल्यावर थॅलेसेमियाच्या मुलांचा वॉर्ड. या मुलांना जन्मभर, ठराविक दिवसांनी, बाहेरचं रक्त चढवावं लागतं. वॉर्डाबाहेरच्या भिंतीवर एक टीव्ही लावलेला होता आणि त्यावर रक्तगट आणि आकडे दिसत होते. आमचे आकडे. कोण्या एका इंजिनिअर मुलानं हौसेनं तो पडदा करून दिला होता आणि मग तो परदेशी निघून गेला होता.

"तो होय?" वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या. "तो आपोआप चालतो. सकाळी पालकांचे फोन येतात, मी बघून सांगते, आज या की उद्या या."

बाकावर एक बाई मुलाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मॅडमनी त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली आणि दोघींचीही बोली एका वाक्यात ओळखू आली. त्या वर्ध्याजवळच्या आर्वीकडच्या, नवरा चाकणला कारखान्यात.

"पयले येऊन पाहत होतो न बाई," त्या सांगत होत्या. "रक्त नसलं का वापस. पोराले ताप राहे, दोन बसा बदलाव्या लागे. आता सिस्टर हो म्हणते, मंगच घरून निंगतो."

मॅडम उभ्या राहिल्या आणि त्यांनी सिस्टरना विचारलं, "नेट गेलं की या पडद्यावर काय येतं?"

"काही नाही येत. आहे तसाच राहतो."

परवानगी घेऊन मॅडमनी टीव्हीमागची नेटची वायर काढली. आम्ही तिघी बघत उभ्या राहिलो. आकडे हलले नाहीत. रंग बदलला नाही. ए पॉझिटिव्हपुढचा आकडा तसाच ठळक, खात्रीनं सांगितल्यासारखा. मॅडमनी वायर पुन्हा लावली. मला मागाहून उमगलं. आम्ही जुनी आवृत्ती बंद केली असती तर इथं कोणीच ओरडलं नसतं. पडदा शेवटचा आकडा दाखवत राहिला असता, सिस्टर "या" म्हणत राहिल्या असत्या आणि पोरं दोन बस बदलून येत राहिली असती.

सोमवारी त्या डायरेक्टरांच्या केबिनमध्ये गेल्या, मला घेऊन. आर्ग्युमेंट वगैरे काही झालंच नाही. त्यांनी धायरीत काय पाहिलं ते क्रमानं सांगितलं आणि म्हणाल्या, "जुनी बंद करू नका असं मी म्हणत नाही. बंद करण्याआधी त्यांचा पडदा नव्यावर नेऊ. तो मी नेते. तोपर्यंत जुनं दार चालू ठेवते. आतून ते नव्याच घरात उघडेल, तुम्हाला वेगळा सर्व्हर पोसावा लागणार नाही."

"हे आपलं काम नाही," डायरेक्टर म्हणाले. पण म्हणतानाच त्यांचा आवाज पडला. मग त्यांनी विचारलं, "त्या मुलाला रक्त मिळालं का, त्या दिवशी?"

"मिळालं."

"मग करा."

ट्रस्टची परवानगी मिळवण्यात, त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरशी झगडण्यात बरेच महिने गेले. कंपनीच्या वेळेत नाही, शनिवारी. मीही जायचे, कारण मला गेल्याशिवाय राहवत नसे. मॅडम पडद्याचा प्रोग्रॅम लिहिताना सिस्टरना शेजारी बसवून घ्यायच्या आणि प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायला लावायच्या. उत्तर मिळालं नाही तर काय दाखवायचं, यावर त्या दोघींनी एक आख्खा शनिवार घालवला. शेवटी ठरलं: आकडा पुसला जाणार आणि तिथं दिसणार, 'आत्ता माहिती मिळत नाही. रक्तपेढीला फोन करा.' खाली पेढीचा नंबर. सिस्टरना 'आत्ता' हवं होतं, मॅडमना 'सध्या'. मॅडमनी 'आत्ता' ठेवलं. वाचणाऱ्या सिस्टर होत्या.

जुनी आवृत्ती बंद करायचा दिवस आला तेव्हा ऑफिसात बसून ती बंद करायचं काम मॅडमनी दुसऱ्यावर सोपवलं आणि आम्ही दोघी सकाळीच धायरीला जाऊन बसलो. वॉर्डाबाहेर पाच-सहा पालक होते. फोन वाजत होता, सिस्टर पडद्याकडे बघून "या, या" म्हणत होत्या. मॅडमचा मोबाईल वाजला. त्यांनी ऐकलं, "बरं" म्हणाल्या आणि फोन पर्समध्ये टाकला. जुनी आवृत्ती बंद झाली होती. मी पडद्याकडे बघत राहिले. एक आकडा एकानं कमी झाला, कारण आतल्या मुलासाठी पिशवी निघाली होती. कोणीही मान वर केली नाही.

बाकावर एक आजोबा नातीची चप्पल धरून बसले होते. मॅडम बराच वेळ भिंतीला टेकून उभ्या आहेत हे त्यांच्या लक्षात आलं.

"तुमचं कोण ॲडमिट हाय?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही," मॅडम म्हणाल्या. "सहज आले होते."

आजोबा बाकावर जरा सरकले. "मग बसा की. आज लवकर व्हनार सगळ्यांचं."

मॅडम बसल्या.